आमच्या वह्या परत द्या

कासवांवर संशोधन करणाऱ्या, त्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या आणि त्यासाठी पैसा पुरवणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझ्या फोनवर एका संशोधन संस्थेचा दोन ओळींचा मेसेज आला. प्रकल्पाची मुदत संपली आहे, वाळूत पुरलेले लॉगर काढून कुरिअरने पाठवावेत, कुरिअरचा खर्च नंतर दिला जाईल. एवढंच. तीन हंगाम मी ते बोटाएवढे डबे घरट्यांच्या मधोमध, अंड्यांच्या शेजारी पुरत होतो आणि पिल्लं निघाली की काढून, पुसून, पिशवीत भरून ठेवत होतो. दर तासाला तापमान नोंदवणारं यंत्र. आत काय नोंदलंय ते बघायला त्यांच्याकडचा लॅपटॉप लागतो. तीन वर्षांत त्यातला एक आकडाही मला कुणी दाखवला नाही. आता यंत्रंही परत हवीत.

पाठवली. पण पत्रही लिहायला बसलो, आणि ते सगळ्यांसमोरच लिहितोय.

मी दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातला कासवमित्र, म्हणजे किनाऱ्यावर फिरून कासवांची घरटी राखणारा. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लगेच 'तो त्याच्या गावापुरता रडतोय' असं होतं. त्या संस्थेचंही नाव लिहीत नाही, कारण तिच्याआधी आलेल्या दोघांनी याहून वेगळं काही केलेलं नाही.

माझे बाबा याच पुळणीवर कासवाची अंडी काढायचे. लपूनछपून नाही, सगळं गावच काढायचं. त्यांची एक वेताची काठी होती. पहाटे कासवाच्या चढल्या-उतरल्याच्या खुणा दिसल्या की वर जिथे वाळू विस्कटलेली असेल तिथे काठी हलकेच टोचत जायची. सगळीकडे वाळू घट्ट लागते, एका जागी मात्र काठी आपोआप आत जाते. तिथे दीड फुटावर सुरईसारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पण दाबली तर खळगा पडणारी. बाजारात विकायची, उरली ती घरात. आमच्याकडे येणारं हे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

२००२ साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, मग ते गावागावांत पसरलं. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्षही त्यात आले. मी किनाऱ्यावर फिरायला लागलो तेव्हा बाबा म्हणाले, "काठी घेऊन जा, पण टोचू नको. हाताने बघ." काठी अजून माळ्यावर आहे. जागा ओळखायची अक्कल तीच, मी फक्त अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतो. हे सांगतोय ते अशासाठी की आम्हाला कासवांचं काही कळत नाही असं समजून कुणी बोलू नये.

आता तक्रारी.

पहिली वह्यांची. प्रत्येक घरट्याची नोंद मी हाताने लिहितो: तारीख, तिथी, भरती किती वाजता होती, खुणा भरतीच्या रेषेपासून किती पावलं वर गेल्या, अंडी किती, किती वाजता हलवली, कितव्या दिवशी वाळू खचली, पिल्लं किती, आत न फुटलेली किती. तिथी लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. उधाणाच्या रात्री कासव जास्त वर येऊन घरटं करतं की काय, असं मला वाटायचं म्हणून लिहायला लागलो. एका संशोधकाने 'स्कॅन करून देतो' म्हणून चार वह्या नेल्या. मुलगा चांगला होता, आमच्याकडे भात-आमटी खाऊन गेला. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली, आणि वह्या कुणाच्या कपाटात आहेत ते आजवर कळलं नाही.

दोन वर्षांनी तालुक्याच्या हॉलमध्ये सादरीकरण झालं. आम्हाला बोलावलं होतं, चहा-बिस्किटं होती. सगळं इंग्रजीत. पडद्यावर कोकणचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. आमच्या गावाचा ठिपका खाडीच्या पलीकडे पडला होता. मी हात वर करून सांगितलं. हो हो, दुरुस्त करू, म्हणाले. शेवटच्या पानावर 'स्थानिक सहकार्याबद्दल आभार' असं होतं, असं शेजारी बसलेल्या मास्तरांनी मला सांगितलं. माझ्या वहीतल्या तिथ्यांचं काय झालं ते मात्र मास्तरांनाही सापडलं नाही.

दुसरी तक्रार तापमानाची, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते.

कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंडं घालताना ठरलेलं नसतं. ते वाळू ठरवते. साधारण पन्नास दिवस अंडं वाळूत असतं आणि त्यातल्या मधल्या दिवसांत वाळू किती तापली यावर सगळं अवलंबून. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही निघतात. त्याहून वाळू थंड असेल तर नर वाढतात, गरम असेल तर माद्या. आणि चौतीस-पस्तिसाच्या पुढे बराच काळ राहिली तर पिल्लू अंड्यातच मरतं. हे तुमच्याच प्रशिक्षणात शिकलो. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यात लहान कासवांमध्ये नव्याण्णव टक्क्यांवर माद्या निघाल्या. तुमच्यातल्याच एका मॅडमनी हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये मिनिटभर कुणी बोललं नव्हतं.

मग मी विचारतो, आमच्याकडे काय? डिसेंबरातलं घरटं आणि मार्चमधलं घरटं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिसेंबरात पहाटे वाळूला पाय लावला तर गार लागते. मार्चअखेर, शिमग्याची पालखी नाचून गेली की दुपारी त्याच वाळूवर अनवाणी चालवत नाही. हल्ली घरटी उशिरा लागतात असं आम्ही सगळेच म्हणतो. उशिरा म्हणजे जास्त उन्हात. हॅचरीवर हिरवी जाळी बांधायची की नाही यावर मला तीन वर्षांत तीन सल्ले मिळाले. एकाने बांध म्हटलं, दुसऱ्याने काढ, तिसऱ्याने फक्त दुपारी बांध. तिघांकडेही डिग्र्या होत्या. आकडे कुणाकडेच नव्हते, कारण आकडे माझ्या पिशवीतल्या डब्यांत होते आणि ते उघडायला कुणी आलंच नाही.

वर्षानुवर्षं आम्ही हजारो पिल्लं समुद्रात सोडतो, पेपरात फोटो येतो, वा वा होते. त्यात नर किती होते? पिल्लाकडे बघून ते कळत नाही. मोठ्या नराची शेपटी लांब असते, पण पिल्लात तसं काही दिसत नाही. कळायचं असेल तर पिल्लाच्या पोटातला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. जिवंत पिल्लू मारा असं कोण म्हणेल? पण प्रत्येक हंगामात घरटं उघडल्यावर खाली चार-सहा मेलेली पिल्लं मिळतातच. ती आम्ही सुरूच्या बनात पुरतो. जवळ ठेवायची तर परवानगी लागते, आणि ती माझ्यासारख्याला मिळणार नाही, तुम्हाला मिळते. म्हणजे ज्याच्या हातात पिल्लू आहे त्याला मुभा नाही, आणि ज्याला मुभा आहे तो एप्रिलमध्ये किनाऱ्यावर नसतो.

तिसरी तक्रार आमच्यावरही उलटते, तरी लिहितो.

अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो तुटतो. म्हणून रात्री तीनला उठून, बादलीत वाळू घालून, अंडं जसं होतं तसंच उचलून न्यायचं. पण रोजच वेळेत होत नाही. एकदा मला आठ वाजता घरटं सापडलं. ऊन आलं होतं, आदल्या रात्री ताप होता म्हणून मी उशिरा निघालो होतो. हलवलं. पावणेदोन महिने वाट बघितली आणि त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं निघाली. बाकीची अंडी फोडून बघितली तर बहुतेकांत पिवळं पाणी. ते घरटं होतं तिथेच ठेवून वर जाळीचा पिंजरा लावला असता तर? कोल्हे आणि कुत्री यांच्यापासून वाचलं असतं की नाही? मला माहीत नाही, कारण आमच्याकडे सगळी घरटी हलवायचीच असा शिरस्ता आहे. वीस वर्षांपूर्वी अंडी चोरीला जायची तेव्हा तो बरोबरच होता. आज आमच्या गावात अंडी कुणी चोरत नाही. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येला एका रात्रीत हजारो माद्या येतात, तिथे लाखो अंडी कुणी हलवत बसत नाही. आमच्याकडे एकेकटी येते म्हणून हलवणं जमतं. जमतं म्हणून करावं का, हे तपासायला निम्मी घरटी जागेवर ठेवून दोन-चार हंगाम बघायला लागेल. असा प्रयोग आमच्या किनाऱ्यावर कुणी केलेला नाही.

आणि कासव बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर पिल्लं समुद्रात सोडायची ती सकाळी सात, संध्याकाळी सहाची वेळ. पिल्लं बहुतेकदा रात्री वर येतात. घरट्यावर उलटी ठेवलेली टोपली पहाटे उचलली की आत पन्नास-साठ काळी पिल्लं एकमेकांवर चढत असतात, टोपलीच्या काडीला नख अडकवून बाहेर पडायला बघतात. पहिल्या काही तासांत त्यांच्यात जी रग असते तिच्यावर त्यांनी किनाऱ्यापासून दूर पोहत जायचं असतं. ती रग ती टोपलीत घालवतात. का? तर पाहुणे नाश्ता करून यायचे असतात. माझ्याही घरात दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या आहेत, मार्चच्या चार शनिवार-रविवारांत मुलीची फी निघते. म्हणून मी दुसऱ्याला बोट दाखवत नाही. पण थांबवून ठेवलेलं पिल्लू किती कमी पोहतं, हे मोजून सांगायचं काम तुमचं आहे. आकडा समोर ठेवलात तर ग्रामसभेत मी बोलू शकतो. 'मला वाटतं' म्हणून बोललो तर होमस्टेवाले मला उभं करणार नाहीत, आणि त्यात माझी बायको पहिली.

चौथी तक्रार मेलेल्या मोठ्या कासवांची. मृगाचा पाऊस पडून समुद्र फिरला की ती किनाऱ्याला लागायला लागतात. कुणाच्या मानेत तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन रुतलेला, कुणाची पाठ बोटीच्या पंख्याने चिरलेली, कुणावर एकही जखम नाही. ज्यांच्यावर जखम नाही ती बहुतेक ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरलेली असतात. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, जाळं तासन् तास ओढलं की ते बुडून मरतं. जाळ्यात बसवायची सुटकेची चौकट आपल्याच देशात, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली आहे. आमच्या बंदरात ती किती बोटींवर आहे ते कुणीही फिरून बघावं. पण मी मच्छीमारांवर घसरणार नाही, त्यातले निम्मे माझे सोयरे आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. कासव लागलं की पंचनामा होतो, फोटो निघतो, खड्डा काढून पुरतात. पाठीची लांबी-रुंदी? नर की मादी? पोटात अंडी होती का? आतड्यात प्लास्टिक होतं का? एका ओळीचीही नोंद राहत नाही. जून ते सप्टेंबर हंगाम नाही म्हणून मानधन नाही, मानधन नाही म्हणून फेरी नाही. कासवाला मरायला हंगाम लागत नाही.

मानधनाबद्दल एवढंच लिहितो की ते येतं, पण हंगाम संपल्यावर.

आता उपग्रहाबद्दल. त्यावर मी टीका करतोय असं कुणी समजू नये. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पाच माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. गावातली पोरं रोज विचारायची, "आज सावनी कुठाय?" पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली तेव्हा आमच्या नाक्यावर तिची चर्चा चालायची. आपल्या पुळणीवरून गेलेलं जनावर कुठवर जातं, हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं. फार मोठं काम झालं.

पण ट्रान्समीटर काही महिन्यांनी गळतात, बॅटरी संपते, ठिपका थांबतो. एकेक करून सगळे थांबले.

आणि त्यानंतर जी बातमी आली ती उपग्रहाने दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी होती. नंबर ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने मारलेली. म्हणजे कमीत कमी साडेतीन हजार किलोमीटर पोहून, देशाचं टोक ओलांडून ती पूर्वेकडून पश्चिमेला आली. इकडची कासवं वेगळी, तिकडची वेगळी, असं सगळे धरून चालले होते. पत्र्याच्या एका तुकड्याने ते पुन्हा तपासायला लावलं. तो तुकडा वाचला कुणी? रात्री वाळूवर हजर असलेल्या माणसाने. त्या रात्री तिथे कुणी नसतं तर ०३२३३ अंडी घालून, पोटाने वाळू थोपटून परत गेली असती आणि पुस्तकात जुनंच लिहिलेलं राहिलं असतं.

कासव वयात यायलाच बारा-पंधरा वर्षं घेतं. माझ्या पहिल्या हंगामात सोडलेलं पिल्लू आता कुठे अंडी घालायच्या वयाला येत असेल. तुमचा प्रकल्प दोन-तीन वर्षांचा. हिशोब बसतो का, तुम्हीच सांगा. 'निसर्ग' वादळ ३ जून २०२० ला आलं आणि आमच्या बाजूचं सुरूचं बन झोपवून गेलं. पुळणीचा उतार बदलला, सावली गेली. आधीचं आणि नंतरचं तापमान कुणाकडे असेल तर दाखवा, मी चहा पाजतो. आता गावाच्या दक्षिणेला दगडी बंधाऱ्याचं बोलणं चालू आहे. माझी सर्वाधिक घरटी ज्या चारशे पावलांत असतात नेमकी तीच जागा. कासव दगड चढत नाही, परत फिरतं. बैठकीत मी सांगितलं तर विचारलं, पुरावा काय? पुरावा त्या चार वह्यांत आहे.

म्हणून मागतोय ते साधं आहे.

नेलेल्या वह्या, स्कॅन आणि मोजलेले आकडे त्या त्या गावाला परत करा. यापुढे परवानगी देणाऱ्यांनी परवानगीच्या कागदातच अट घालावी: काम संपल्यापासून वर्षभरात निष्कर्ष मराठीत, चार पानांत, ग्रामपंचायतीत आले पाहिजेत. इंग्रजी पेपर तुम्ही हवा तिथे छापा.

प्रत्येक हॅचरीत आणि हॅचरीबाहेरच्या मोकळ्या वाळूतही तापमानाचे लॉगर ठेवा, ते कायमचे, प्रकल्प असो वा नसो. आणि ते वाचायला गावातल्या एका मुलाला शिकवा. आमच्याकडे बारावी सायन्स झालेल्या मुली घरी बसून आहेत.

मेलेली पिल्लं जपून ठेवायची कायदेशीर सोय करा. वन विभागाच्या ताब्यात राहू देत, आम्हाला नकोत. फक्त मातीत घालू नका.

काही सुरक्षित जागी घरटी न हलवता ठेवून बघा. पिल्लं सोडायच्या वेळेचंही मोजमाप करा. जे निघेल ते आमच्या पोटावर पाय देणारं असलं तरी सांगा.

पावसाळ्यातल्या फेरीचं मानधन सुरू करा आणि वाहून आलेल्या प्रत्येक कासवाचा एक छापील फॉर्म भरून घ्या. टेप माझ्याकडे आहे.

किनाऱ्यावर बंधारा, रस्ता, दिवे काहीही करण्याआधी घरट्यांच्या नोंदी मागवल्याच पाहिजेत असं करा.

यातल्या कशाला उपग्रह लागत नाही. पहिल्या मागणीला तर पैसेही लागत नाहीत, कपाट उघडावं लागेल.

कार्तिक संपला की पहिली मादी येते, त्याआधी कळवा. वह्या ओळखायला सोप्या आहेत: चारही शंभर पानी, दोन निळ्या पुठ्ठ्याच्या, दोनांना वर्तमानपत्राचं कव्हर. एका निळ्या वहीच्या पहिल्या पानावर चहाचा गोल डाग आहे आणि मागच्या पानावर माझ्या मुलीने, तेव्हा ती पहिलीत होती, कासव काढलंय. पाच पायांचं.

आपला,
एक कासवमित्र